हेलिक्समधली गॅप आणि लाटणं

प्रश्न : मी सांगलीजवळच्या कॉलेजात बायोइन्फर्मेटिक्स शिकते. आमच्या शेतातल्या सोयाबीनच्या मुळावरची गाठ फोडली की आत गुलाबी दिसतं, ते लेगहिमोग्लोबिन या ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनामुळे. प्रोजेक्टसाठी मी त्याचा अमिनो आम्लांचा क्रम स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मायोग्लोबिनशी, म्हणजे स्नायूंतल्या त्याच कुळातल्या प्रथिनाशी, जुळवला. एका अमिनो आम्लाला एक अक्षर. वीस टक्केसुद्धा अक्षरं जुळेनात. प्रोग्रॅमने ई-हेलिक्सच्या (साखळीच्या ए, बी, सी अशा नावांच्या मळसूत्री तुकड्यांपैकी ‘ई’च्या) मधोमध एका अक्षराची गॅप, म्हणजे रिकामी जागा, टाकली, पण स्कोअर चांगला दिला. सर म्हणतात, हे चूक आहे. मॅडम, मी कुणाचं ऐकू?

उत्तर : सरांचं. असल्याच गॅपसाठी मीही विद्यार्थिदशेत बोलणी खाल्लीत. गाइडनी माझा कागद वर धरून विचारलं होतं, “ही हेलिक्स तू कुठे मोडलीस?”

घरातलं लाटणं घे. कागदाच्या पट्टीवर ई-हेलिक्सचा क्रम लिही आणि तेलकट, म्हणजे पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं लाल कर. एका वेढ्यात साडेतीन-चार अक्षरं येतील अशा बेताने पट्टी लाटण्याला तिरकी गुंडाळ. लाल अक्षरं बरीचशी एका बाजूला येतील. ती प्रथिनाच्या आतली बाजू. आता पट्टी मध्येच कापून एका अक्षराची जागा मोकळी सोड. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं असतात, म्हणून पुढचा सगळा भाग १०० अंशांनी फिरतो आणि लाल बाजू भलतीकडेच तोंड करते. प्रोग्रॅमला यातलं काही दिसत नाही, तो नुसती अक्षरं मोजतो.

अक्षरं बदलली तरी घडी, म्हणजे प्रथिनाची साखळी दुमडून होणारा आकार, टिकते. १९८० मध्ये आर्थर लेस्क आणि सायरस चोथिया या शास्त्रज्ञांनी नऊ ग्लोबिनांच्या, म्हणजे याच कुळातल्या प्रथिनांच्या, रचना ताडून पाहिल्या. काही जोड्यांत साम्य जेमतेम १६ टक्के होतं. हेलिक्स एकमेकींच्या तुलनेत ७ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) सरकल्या होत्या, ३० अंशांपर्यंत वळल्या होत्या, पण हीमचा, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त रेणूचा, खिसा जागच्या जागी होता.

तेव्हा सुरुवात त्या खिशापासून कर. हीमच्या लोहाला धरणारं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल एफ-हेलिक्समधलं आठवं, म्हणून ‘एफ-८’, समोरचं हिस्टिडीन ‘ई-७’. देवमाशात ती ९३ आणि ६४ क्रमांकावर आहेत, सोयाबीनमध्ये ९२ आणि ६१ वर. (तुझ्या फाइलमध्ये सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल धरलं असेल तर सगळे आकडे एकाने वाढतील, मी त्यात एकदा फसले आहे, म्हणून फरकच मोजते.) देवमाशात अंतर २९, सोयाबीनमध्ये ३१. म्हणजे दोन जागांची गॅप लागणारच, पण ती देवमाशाच्या ओळीत, आणि दोन हेलिक्सच्या मधल्या वळणात. वळण लांब-आखूड झालं तरी घडीचं फारसं बिघडत नाही. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत तर अख्खी डी-हेलिक्सच नाही, तरी ती ग्लोबिनच.

दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहात, आहेत. त्या एकमेकींवर बसव आणि कोणता अल्फा-कार्बन (प्रत्येक अमिनो आम्लाचा मधला कार्बन) कुणाशेजारी येतो ते बघून अक्षरं जुळव. मात्र रचना बसवणाऱ्या प्रोग्रॅमवरही डोळे झाकून विसंबू नकोस. हेलिक्स अख्खा वेढा सरकून बसली तरी चित्र वरवर ठीकच दिसतं, अक्षरं मात्र तीन-चार घरं पुढेमागे झालेली असतात. दोन्ही हिस्टिडीन आमनेसामने आली का, हे आधी तपास.

आणि वळणांमधलं प्रत्येक अक्षर ओढूनताणून जुळवत बसू नकोस. तिथे कार्बन एकमेकांपासून लांब असतील तर जोडी लावण्यात अर्थ नसतो. माझ्या वहीत ती अक्षरं मी पेन्सिलनेच लिहायचे.