वाचकांचे प्रश्न : गाडीतून जाताना जुनी रेल्वे कुठे दिसेल?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कारने चिखलदऱ्याला जायचा बेत आहे. मुलाला रेल्वेचं भयंकर वेड. वाटेत जुन्या रेल्वेचं काही बघण्यासारखं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, आणि जवळपास तुमच्या वाटेवरच आहे. अकोल्याहून सरळ परतवाडा धरू नका. थोडी वाकडी वाट करून मूर्तिजापूरला या आणि तिथून दर्यापूर, अंजनगाव सुर्जी करत अचलपूर गाठा, कारण याच पट्ट्यातून आपली शकुंतला, म्हणजे वऱ्हाडातली जुनी छोटी रेल्वे, धावायची. मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर, आणि दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दोन रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस या छोट्या गाडीने मूर्तिजापूरला आणायचा, तिथे मोठ्या लाईनच्या वाघिणीत भरायचा, मग मुंबई आणि पुढे बोटीने मँचेस्टर, एवढ्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभाराखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाईन टाकली. कापूस मँचेस्टरला जायचा आणि इंजिन मँचेस्टरहून आलं होतं! १९२१ साली तिथे बनलेलं ते वाफेचं इंजिन तब्बल ७० वर्षं राबलं, १५ एप्रिल १९९४ ला डिझेल आलं तेव्हा कुठे ते सुटलं. देशातल्या बाकी कंपन्यांच्या लाईनी सरकारने घेतल्या तरी ही मात्र कंपनीच्याच नावावर राहिली आणि रेल्वे तिला वापराचे पैसे देत राहिली.

आता गाडी बंद आहे, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा की शकुंतला धावताना दिसणार नाही. पण मूर्तिजापूरला मुंबई-हावडा मेन लाईन आहे, तिथे लांबलचक मालगाड्या आणि मेल-एक्स्प्रेस मनसोक्त बघता येतील, आणि एकाच गावात मोठी लाईन नि छोटी लाईन दोन्ही बघितल्या की फरक पोराच्या आपोआप डोक्यात बसतो. पुढे अचलपूरपर्यंत घाई करू नका. वाटेतल्या गावात शिरून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं ‘शकुंतलेचं टेशन कुठं होतं’ एवढं विचारा, माणूस हातातलं काम टाकून दाखवायला येतो. इथल्या लोकांची ब्रॉडगेजची, म्हणजे मोठ्या लाईनीची, मागणी जुनी आहे आणि ती रास्तच आहे, बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला जायला लोकांना गाडी हवी. पण ब्रॉडगेज करताना या लाईनीवरची निदान दोन-चार स्टेशनं आणि सिग्नल आहेत तसे जपून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं, एकदा जेसीबी फिरला की संपलं.

प्रश्न : लाईन उखडली असेल तर ती कुठून गेली होती हे रस्त्यावरून कसं ओळखायचं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बार्शीचे आहात म्हणजे घरचंच उदाहरण देतो. बार्शी लाईट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केली, १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे एकीकडे लातूर नि दुसरीकडे पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. हिचाही गेज अडीच फूटच. ब्रॉडगेज करताना लाईन धाराशिवकडे वळवून घेतली, त्यामुळे येडशीजवळचा जुना तुकडा बाजूला पडला. असा सुटलेला तुकडा शोधायचा तर शेतांच्या बांधांना न जुमानता तिरका जाणारा मातीचा भराव बघा. रस्ता चढतो, उतरतो, झटकन वळतो, रेल्वेला ते जमत नाही, तिचा चढ आणि वळण दोन्ही लांबट असतं. भरावावर बहुतेक वेळा बाभळी माजलेल्या असतात आणि ओढ्यापाशी घडीव दगडाची छोटी मोरी सापडते. स्टेशन नसलेल्या गावात ‘स्टेशन रोड’ असेल तर तिथे थांबाच.

आणि कुंपणाला, गोठ्याला, विजेच्या तारांना खांब म्हणून उभे केलेले रूळ नीट बघा. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर अक्षरं उठवलेली असतात, कारखान्याचं नाव, साल, कधी वजन, कधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) अशी जुन्या रेल्वे कंपनीची आद्याक्षरं. गंजामुळे सरळ उजेडात काहीच कळत नाही, मोबाईलचा टॉर्च रुळाला चिकटवून आडवा धरा, सावली पडली की एकेक अक्षर वर येतं. गोठ्याच्या खांबावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं साल वाचायला मिळालं की जो आनंद होतो तो चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या इंजिनात नाही, हे माझं प्रामाणिक मत. फक्त घरमालकाला आधी विचारा आणि खरवडू नका.

प्रश्न : मुंबईहून एका दिवसात धावत्या गाड्या बघायच्या तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खंडाळा. बोरघाटाची लाईन १८६३ ची, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. पुढचं इंजिन ओढतंय नि मागची ढकलतायत हे लांबून बघायला फार भारी वाटतं, पावसाळ्यात तर विचारू नका. उतरणाऱ्या गाडीचीही गंमत बघा, ती मध्येच थांबते आणि मग पुढे निघते. तिथे कॅच सायडिंग असतं, म्हणजे चढावर नेऊन सोडलेली आंधळी लाईन. सांधा (गाडी एका लाईनीवरून दुसरीवर वळते ती जागा) एरवी त्या लाईनीकडेच लावलेला असतो, गाडी नीट थांबली तरच मेन लाईन मिळते, ब्रेक फेल झालेली गाडी आपोआप चढावर जाऊन थंड पडते.

बघायचं ते रस्त्याच्या बाजूने, एक्स्प्रेसवेवर गाडी थांबवायची नाही, जुन्या हायवेने जा. बोगद्यात किंवा रुळांवर उतरून फोटो अजिबात नको, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि घाटात वळणामुळे गाडी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते.