वडिलांची डावी बाजू गेली आहे, वॉर्डात त्यांच्याजवळ बसून मी नेमकं काय करू?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: वडील ६८ वर्षांचे, तीन दिवसांपूर्वी मेंदूत गुठळी अडकून डावी बाजू गेली, आज आयसीयूतून वॉर्डात हलवलंय, नाकात नळी आहे आणि रात्री त्यांच्याजवळ तुम्हीच थांबणार आहात.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या आठवड्यात हात हलवून घेणं हे तुमचं काम नाही. ताकद परत यायला आठवडे, महिने लागतात. या दिवसांत पेशंट बिघडतो तो न्यूमोनियानं, बेडसोअरनं (पडून राहून होणाऱ्या जखमांनी), खांदा दुखावल्यानं किंवा पडल्यानं. या चारही गोष्टी बऱ्याच अंशी जवळ बसणाऱ्याच्या हातात असतात.

सगळ्यात पहिला घसा. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टरांनी स्पष्ट ‘चालेल’ म्हणेपर्यंत तोंडानं काहीही नाही. चहाचा घोट नाही, तीर्थाचा चमचासुद्धा नाही. भेटायला येणाऱ्यांना हे दारातच सांगा. ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं, असं स्ट्रोकमध्ये धरता येत नाही. घशाची संवेदना कमी झाली की घोट न खोकता थेट फुप्फुसात उतरतो आणि एक-दोन दिवसांनी ताप येतो. पाणी आणि चहा सगळ्यात धोक्याचे, कारण पातळ पदार्थ पटकन घसरतो. दाट पेज त्या मानानं सोपी जाते. पुढे तोंडानं सुरू झालं की पूर्ण बसवून, हनुवटी किंचित छातीकडे, एका वेळी एक लहान चमचा द्या. आपल्याकडे तांब्यानं वरून पाणी ओतून प्यायची सवय असते. मान मागे टाकली की श्वासनलिका उघडी राहते, म्हणून ती सवय आता बंद. घासानंतर आवाज ओला, घरघरता वाटला तर थांबा. डाव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते कळत नाही. बोटाला ओला गॉज गुंडाळून काढा.

नळीतून भरवताना आधी नाकपुडीजवळची खूण बघा. खूण सरकली असेल, ते खोकत असतील किंवा शंका असेल तर काही न घालता सिस्टरना बोलवा. पलंगाची डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर हवी, आणि भरवून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. आहारतज्ज्ञ प्रमाण लिहून देतात, बहुधा एका वेळी २०० मिलीच्या आसपास. ते गाळलेलं, कोमट, सिरिंजचा पिस्टन न दाबता आपोआप उतरू द्या. शेवटी ३० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. गोळी कुटण्यापूर्वी विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात. आणि तोंडानं खाणं बंद असलं तरी दोन वेळा दात आणि जीभ मऊ ब्रशनं पुसाच. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात.

आता खांदा. लुळ्या बाजूचे स्नायू सैल पडल्यानं तो नुसता लोंबकळतो. वर सरकवताना कुणी हात ओढला किंवा काखेत हात घालून उचललं, की सांधा खाली सरकतो आणि पुढचे कित्येक महिने दुखत राहतो. वॉर्डातले मामा-मावशी घाईत असतात, तेव्हा ‘डावा हात ओढू नका, खालच्या चादरीनं सरकवू’ असं तुम्ही प्रत्येक वेळी म्हणा. पाठीवर झोपलेले असताना डाव्या खवाट्याखाली आणि हाताखाली उशी, पंजा कोपरापेक्षा वर. डाव्या कुशीवर वळवताना डावा खांदा हलकेच पुढे घ्या, टोकावर भार नको. सलाईन आणि बीपीचा पट्टा शक्यतो उजव्या हाताला. रबरी चेंडू फिजिओनं सांगितल्याशिवाय देऊ नका.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. मोबाईलला गजर लावा. एअर बेड असला तरी हे टळत नाही. वळवताना माकडहाड, टाचा, नितंबाची हाडं उजेडात बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा: पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर बेडसोअरची सुरुवात आहे. ती जागा चोळू नका, तिच्यावर भार येऊ देऊ नका. पोटरी सुजलेली, गरम वाटली तर तिथेही मालीश नाही, आत गुठळी असू शकते. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर नाही.

डावी बाजू गेली की बऱ्याचदा डावीकडचं जगच ध्यानात येत नाही. नजर उजवीकडेच राहते, डावा हात ‘माझा नाही’ म्हणतात, पुढे ताटातली डावी बाजू तशीच राहते आणि घरचे समजतात भूक नाही. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत ते उठायला बघतात आणि पडतात. तो हट्ट नव्हे, आजाराचाच भाग आहे. वाद घालू नका. दोन्ही कठडे वर ठेवा. बेल आणि चष्मा उजवीकडे, पण गप्पा मारायला तुम्ही डावीकडे बसा, म्हणजे मान तिकडे वळेल.

उठवायची घाई नको. पहिल्या २४ तासांत खूप वेळा, खूप वेळ उठवलेल्यांचा निकाल उलट थोडा वाईट निघाला, हे २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आता फिजिओबरोबर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणं, तेही चक्कर आणि बीपी बघत, योग्य आहे. बीपी १६०-१७० दिसलं म्हणून घाबरू नका. या काळात ते मुद्दाम फार खाली आणत नाहीत, कारण मेंदूच्या अर्धवट उपाशी भागाला रक्त त्या दाबानंच पोचतं. राउंडला त्यांची मर्यादा विचारून लिहून ठेवा.

मेंदूची सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढू शकते. गुंगी वाढणं, उलटी, जोराची डोकेदुखी, नवी बाजू जड होणं, धाप किंवा ताप यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. ‘थकलेत, झोपू दे’ म्हणून सोडून दिलेली गुंगीच सगळ्यात महाग पडते.

‘अंगावरून वारं गेलंय’ म्हणत कुणी कबुतराचं रक्त चोळायला सुचवेल. नम्रपणे, पण ठाम नाही म्हणा.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असेल तर आजच रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा. आणि डिस्चार्जच्या दोन दिवस आधीपासून नळीनं भरवणं, कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत घेणं हे सिस्टर आणि फिजिओसमोर स्वतःच्या हातानं करून दाखवा. खुर्ची उजव्या बाजूला, कमरेला रुंद पट्टा, आणि पकड त्या पट्ट्याला.