पेटी एक, नोंदी चार
वाचकांचे प्रश्न : धंदा आणि संगणक

प्रश्न : बागेतला हापूस आम्ही थेट ग्राहकांना विकतो. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, मुलगी ती वहीत उतरवते, रात्री मी एक्सेलमध्ये भरतो आणि बिल टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. एप्रिल-मे महिन्यांत रोज ४०-५० पेट्या जातात आणि रोज एखादा पत्ता, नाहीतर पैसे चुकतात. हे सगळे जोडणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : या हंगामात तरी घेऊ नका. तुम्ही एकच ऑर्डर चार ठिकाणी लिहिता आणि चूक होते ती उतरवून घेताना. ते उतरवणे आधी थांबवा. त्यासाठी हाताशी आहे तेवढे पुरते.

गुगल फॉर्म करा आणि त्याची लिंक व्हॉट्सॲप बिझनेसच्या ‘क्विक रिप्लाय’मध्ये (एका टिचकीसरशी पाठवायच्या तयार उत्तरांत) ठेवा. नाव, १० आकडी मोबाइल, ६ आकडी पिनकोड, पत्ता, पेटीचा प्रकार आणि कधी हवी ती तारीख एवढेच विचारा. मोबाइल व पिनकोडला आकड्यांची मर्यादा घाला. पेटीचा प्रकार लिहू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. जुनी गिऱ्हाइके फॉर्म भरणार नाहीत, फोनच करतील. त्यांची ऑर्डर मुलीने बोलता बोलता त्याच फॉर्ममध्ये भरायची. वही बंद झाली पाहिजे, नाहीतर चार नोंदींच्या पाच झाल्या एवढेच.

फॉर्म गुगल शीटला (एक्सेलसारख्या तक्त्याला) जोडला की उत्तरे आपोआप तिथे येतात. त्या शीटमध्ये ऑर्डर क्रमांकाचा वेगळा रकाना ठेवा आणि क्रमांक हाताने टाका. ओळीचा क्रमांक वापरू नका, शीट सॉर्ट केली की तो बदलतो. हाच क्रमांक पेटीवरच्या चिठ्ठीवर, बिलावर आणि वाहतूकदाराच्या यादीत असू द्या.

खरी गोम आहे ‘पेटी’ या शब्दात. त्याच पेटीत मोठे फळ ४ डझन बसते आणि बारीक ६ डझन, भावही वेगळा. म्हणून टॅलीत ‘हापूस ४ डझनी’, ‘हापूस ५ डझनी’, ‘हापूस ६ डझनी’ अशा वेगळ्या वस्तू करा आणि फॉर्मच्या यादीत तीच नावे अक्षरश: तशीच ठेवा. ‘५ डझनी’ आणि ‘५डझनी’ माणसाला सारखेच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे असतात. टॅलीच्या ‘टॅलीप्राइम ४.०’ या आवृत्तीपासून एक्सेलची फाइल थेट आत घेता येते, पण नाव जुळले नाही की ती ओळ अडकते. आधी बॅकअप घ्या, टॅलीतल्या ‘कंपनी’ची, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या फाइलची, प्रत करा आणि पाचच ऑर्डरी घालून पाहा. प्रत्येक ग्राहकाचे खाते उघडायची गरज नाही. ‘किरकोळ ग्राहक’ हे एकच खाते ठेवून नाव-पत्ता बिलावर घ्या. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, पण त्याच यादीत आंबापोळी किंवा कोकम सरबत घातलेत तर कर वस्तूनिहाय लावावा लागेल.

पैशांसाठी स्क्रीनशॉट मागू नका, यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक मागा. रक्कम किंवा नाव जुळवून भागत नाही. एकाच रकमेच्या दहा पेट्या जातात आणि वडिलांच्या ऑर्डरीचे पैसे मुलाच्या नावाने येतात. क्रमांकाचा रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा, नाहीतर एक्सेल त्याचे ४.१२ई+११ असे काहीतरी करून दाखवते. मग बँकेचे विवरण ‘व्हीलुकअप’ने (एका यादीतला क्रमांक दुसरीत शोधणाऱ्या सूत्राने) जुळवा.

एक सांगायचे राहिले. रेंज गेली की माणूस ‘सबमिट’ दोनदा दाबतो आणि एकाच ऑर्डरच्या दोन पेट्या भरल्या जातात. मोबाइल आणि तारीख दोन्ही सारख्या असलेल्या ओळी ‘काउंटइफ्स’ने (अटींत बसणाऱ्या ओळी मोजणाऱ्या सूत्राने) शोधून रंगवा.

प्रश्न : आमच्याकडे निवास-न्याहारीच्या तीन खोल्या आहेत. दोन संकेतस्थळांवर नोंदणी आहे, शिवाय फोनवरही बुकिंग येते. दोन्हीकडची कॅलेंडरे जोडली, तरी नाताळात एक खोली दोघांना गेली. असे का झाले?
— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : तुम्ही जोडलीत ती बहुधा आयकॅलची, म्हणजे एका कॅलेंडरातल्या तारखा दुसऱ्याला वाचू देणारी, लिंक असणार. ती तत्क्षणी चालत नाही. एका बाजूला तारीख बंद झाली की दुसरे संकेतस्थळ ती आपल्या सवडीने, काही तासांनी वाचते. गर्दीच्या दिवसांत तेवढ्यात खोली विकली जाते. शिवाय या लिंकमधून फक्त तारखा जातात, दर किंवा आगाऊ रक्कम जात नाही.

जोडणी दोन्ही दिशांनी लागते. दोन संकेतस्थळे असली तर प्रत्येक खोलीला दोन लिंका, म्हणजे तुमच्या सहा. समुद्राकडच्या खोलीची लिंक मागच्या खोलीला लागली तरी कुठेही चूक दाखवली जात नाही, घोळ पाहुणे दारात आल्यावर कळतो. म्हणून पावसाळ्यातली एखादी रिकामी तारीख एका बाजूला बंद करा आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पाहा. तिन्ही खोल्यांसाठी, दोन्ही दिशांनी.

फोनवरचे बुकिंग ‘मग टाकतो’ म्हणून ठेवू नका. फोन चालू असतानाच तारीख दोन्हीकडे हाताने बंद करा. त्याच दिवसाचे बुकिंग घेणे थांबवा, किमान एक दिवस आधीची अट घाला. एवढ्याने बरेच निभावते. चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांवरचे बुकिंग एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, तारखा आणि दर जवळजवळ लगेच पोहोचवते, पण महिन्याचे भाडे असते आणि ते पावसाळ्यातही भरावे लागते. तीन खोल्यांना मला ते जड वाटते.

प्रश्न : काजू कारखान्यात वजनकाटा थेट टॅलीला जोडला तर फायदा होईल का?
— एक कारखानदार, वेंगुर्ले

उत्तर : काट्याला संगणकाची तार लावायची सोय असेल तर जोडता येतो, मध्ये एक छोटा प्रोग्राम लागतो. वजन हाताने लिहिण्यातली चूक जाते. रिकाम्या पोत्याचे वजन वजा करण्याचे मात्र आधी ठरवा, नाहीतर तीच चूक रोज बिनबोभाट आत जाईल. बी वाळली की वजन घटते, ती घट वेगळी दाखवा. बीचे गर होतात त्यासाठी टॅलीतले ‘मॅन्युफॅक्चरिंग जर्नल’ (कच्चा माल वजा करून तयार माल जमा करणारी नोंद) वापरा, नाहीतर गोदामात नसलेली बी वह्यांत तशीच दिसत राहते. आणि शेतकऱ्याकडून न सोललेली बी घेता तेव्हा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, नोंदणीकृत खरेदीदारालाच भरावा लागतो, तोही जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यातून. भरलेल्या कराची वजावट नंतर मिळते. बीच्या वस्तूला टॅलीत रिव्हर्स चार्जची खूण नसेल, तर काट्यावरून कितीही अचूक वजन आले तरी विवरणपत्रात हा कर दिसणार नाही.