घरच्यांना महापालिकेच्या मतदानाला न्यायचंय ना? मग हे ऐक

'मतदान आपलं कर्तव्य आहे' या वाक्याने सुरुवात करू नकोस. काका मान डोलावतील आणि सुट्टी म्हणून त्र्यंबकला जातील. घंटागाडी, नळाचं पाणी, रस्त्यातले खड्डे, इथून विषय काढ. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ कारभार प्रशासकाकडे होता. तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता, हे आठवलं की लोक थांबून ऐकतात.

सगळ्यात जास्त वेळ मतदान यंत्र समजावण्यात घाल. आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार जागा असतात, अ ते ड. म्हणजे आजीला चार बटणं दाबायची आहेत, प्रत्येक जागेसाठी एक. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथलं 'नोटा'. पहिलं बटण दाबून बाहेर पडायचं नाही, हे कागदावर चार चौकोन काढून दाखव. वयस्कर माणसं याच गोंधळाला घाबरून घरी बसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

यादीतलं नाव आधीच तपास. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते, त्यामुळे गंगापूर रोडला राहायला गेलेल्या मित्राचं नाव अजून सिडकोतच असू शकतं. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणाऱ्यांना आदल्या रात्रीच वेळ विचारून ठेव.

मत कुणाला द्यायचं ते मात्र सांगू नकोस, त्यांनी विचारलं तरी.