डास मरत नाहीत, नुसते झोपून उठतात!

पावसाळा सुरू झाला की या सदराच्या टपालात डास शिरतात, यंदा तर निम्मे प्रश्न त्यांचेच आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून तीन निवडलेत, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधून घ्या प्लीज.

प्रश्न : आमच्याकडे लिक्विडचं मशीन रात्रभर चालू असतं तरी डास चावतातच, परवा तर एक चक्क मशीनच्या वर वीतभर अंतरावर भिंतीला बसला होता. तीनदा ब्रँड बदलला. डासांना औषधाची सवय होते का, की कंपनीवालेच पाणी घालतात? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कंपनीवाल्यांना लगेच शिव्या घालू नका. आधी एक करा, तुम्ही घेतलेल्या तिन्ही रिफिल शेजारी शेजारी ठेवा, चष्मा लावा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ॲलेथ्रिन असं 'थ्रिन'ने संपणारं काहीतरी नाव दिसेल. ही सगळी एकाच घराण्यातली, पायरेथ्रॉइड म्हणतात त्यांना. म्हणजे तुम्ही खोका बदललात, औषध तेच राहिलं.

आता सवयीचं. आपल्याला चहाची सवय लागते तशी एका डासाला औषधाची लागत नाही. रवा चाळताना बारीक खाली जातो आणि जाड तेवढा चाळणीत उरतो ना, तसं होतं. हजार डासांमध्ये पाच-सहा जन्मतःच जरा वेगळे असतात, औषधाने बाकीचे जातात, हे उरतात, आणि पुढची पिल्लं यांचीच. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे वर्षभरात किती पिढ्या चाळून निघतात त्याचा हिशोब तुम्हीच करा.

हे वेगळे म्हणजे काय तर मुख्य दोन प्रकार. पायरेथ्रॉइड डासाच्या नसेमधल्या एका बारीक दारात पाय अडकवून बसतं, दार बंदच होत नाही, डास थरथरतो आणि पडतो. काही डासांमध्ये त्या दाराची घडणच थोडी बदललेली असते, पाय नीट अडकत नाही. दुसऱ्या प्रकारात दार जुनंच पण डासाच्या अंगातली एन्झाइम, म्हणजे रसायनं तोडणारी प्रथिनं, जोरदार, औषध नसेपर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे करून टाकतात. असा डास पडतो खरा, आपण खुश होऊन झोपतो, आणि तासाभराने तो उठून कानाशी गाणं म्हणायला हजर.

हे लॅबमध्ये बघतात कसं तेही सांगतो, मला ते फार आवडतं. प्लास्टिकच्या नळीत आत औषध लावलेला कागद गुंडाळायचा, वीस-पंचवीस माद्या सोडायच्या, एक तास ठेवायच्या, मग साध्या कागदाच्या नळीत हलवून साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतंय, ९० च्या खाली आलं तर रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानणं, पक्का, मधलं असेल तर परत तपासा. चोवीस तास थांबतात ते याचसाठी, तासाभरात आडवे पडलेले सगळे मेलेले नसतात.

तुमच्याकडे रात्री चावतो तो बहुतेक गटारातला क्युलेक्स. मच्छरदाणी लावा. आणि चालत नाही म्हणून दोन-दोन कॉइल पेटवू नका, डास राहील बाजूला आणि धूर तुमच्याच छातीत जाईल.

प्रश्न : मुलगा कंपनीच्या कामासाठी सहा महिने आफ्रिकेत जिबूतीला चाललाय. कोणीतरी म्हणालं तिथे आपला मुंबईचा मलेरियाचा डास पोचलाय आणि त्याच्यावर औषध चालत नाही. खरं आहे का हे? काळजी वाटते. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ऐकीव गोष्टीच्या मानाने हे बरंच खरं निघालं! डासाचं नाव ॲनोफिलीस स्टीफेन्सी. फक्त मुंबईचा म्हणणं बरोबर नाही, इराण-पाकिस्तानपासून आपल्यापर्यंत तो मुळातलाच. पण मुंबईशी त्याचं जुनं वैर आहे हे नक्की. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर रिपोर्ट दिला तेव्हा मोठा गुन्हेगार हाच ठरला, आणि त्याचं घर म्हणजे वाड्यांमधल्या विहिरी. मग विहिरी बुजवा, झाकणं लावा सुरू झालं, धर्माच्या कारणावरून त्याला विरोधही झाला. विहिरी गेल्या तसा हा गच्चीवरच्या टाकीत राहायला गेला. आफ्रिकेतले मूळचे मलेरियाचे डास बहुतेक खेड्यात, पावसाच्या डबक्यात वाढणारे, हा मात्र पक्का शहरी, स्वच्छ साठवलेलं पाणी मिळालं की बारा महिने खुश.

जिबूतीत तो पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला. त्या वर्षी देशात मलेरियाच्या केसेस फक्त २७ होत्या, मलेरिया आता संपलाच असं वाटत होतं. २०२० मध्ये आकडा ७३ हजारांच्या वर गेला. सगळं पाप एका डासाचं आहे असं कोणी म्हणत नाही पण मोठा वाटा त्याचा मानतात. २०१६ मध्ये इथिओपियात दिसला, नंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना, केनिया. २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात युनिव्हर्सिटीच्या होस्टेलमध्ये ऐन कोरड्या दिवसांत मलेरियाची साथ आली, तिथेही हाच.

आणि औषधाचं म्हणाल तर येताना हा बॅगेत रेझिस्टन्स घेऊनच आला असावा. इथिओपियात नळीतली टेस्ट केली तर पायरेथ्रॉइड तर सोडाच, मॅलेथिऑन आणि प्रोपॉक्सर या दुसऱ्या डासमार औषधांच्या घराण्यांनाही दाद देईना. मात्र पीबीओ नावाचं रसायन आधी दिलं की पायरेथ्रॉइडने परत बरेच मरायला लागले. पीबीओ स्वतः काही मारत नाही, ते वर सांगितलेल्या एन्झाइमचे हात बांधतं, म्हणून तर आता पीबीओ मिसळलेल्या मच्छरदाण्या निघाल्यात. पाण्यातल्या अळ्यांवर टेमेफॉस नावाचं अळ्यांचं औषध मात्र व्यवस्थित चाललं, हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

गंमत म्हणजे ही परतफेड आहे. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा पट्टेवाला एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेचा, तो जहाजांतून, पाण्याच्या पिंपांतून जगभर फिरत इकडे स्थायिक झाला, आता आपला डास तिकडे. रेझिस्टन्समध्ये तोही मागे नाही. जपानी संशोधकांनी २०२२ च्या शेवटी छापलं की व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या एडिसमध्ये नसेच्या दारातला एक नवीन बदल ७८ टक्क्यांहून जास्त प्रमाणात सापडला, काही डासांना मारायला हजारपट औषध लागेल अशी अवस्था. एवढं औषध घरात मारायचं म्हणजे डासाच्या आधी माणूसच बाहेर पळेल.

मुलाला पाठवायला घाबरू नका, पण जायच्या आधी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. तिथे मच्छरदाणी आणि अंगाला लावायचं रिपेलंट दोन्ही हवं, कारण हा डास संध्याकाळी लवकर आणि घराबाहेरही चावतो. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि हे त्याला लिहून द्या, त्या भागात मलेरियाचे काही जंतू असे आहेत की नेहमीच्या रॅपिड टेस्टला सापडतच नाहीत, त्यामुळे स्ट्रिप निगेटिव्ह आली तरी मायक्रोस्कोपखाली रक्ताची स्लाइड बघायला सांगायची. घरी परत आल्यावर दोन महिन्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरांना जिबूतीचं नाव सांगायचं, विसरायचं नाही.

प्रश्न : सोसायटीत दर आठवड्याला धुराची गाडी यावी म्हणून मी सेक्रेटरी या नात्याने मागे लागलोय. दोन दिवस बरं वाटतं मग जैसे थे. डोस वाढवायला सांगू का? – पुणे

उत्तर : नको. गाडी आली की तुम्ही सगळे काय करता? खिडक्या धडाधड बंद. एडिस बसलेला असतो आत, पलंगाखाली, कपाटात टांगलेल्या शर्टाच्या मागे, आणि धूर बाहेर. वाटेत उडणारे तेवढे मरतात, त्यातही वर सांगितलेली चाळणी चालूच. डेंग्यूची केस निघाली तर धूर करावा, पण दर आठवड्याला नुसता समाधानासाठी म्हणजे आपणच चाळणी हलवत बसणं.

त्यापेक्षा रविवारी सकाळी टॉर्च घेऊन गच्चीवर जा. टाकीत पाण्याला समांतर आडव्या तरंगणाऱ्या अळ्या दिसल्या तर ॲनोफिलीस, शेपटी वर आणि डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स. पिंप नुसतं रिकामं करून चालत नाही, आतली कड घासायची, एडिसची अंडी पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. कारंजं, जुनी हौद यांत गप्पी मासे सोडा, रिकामं करता येत नाही अशा पाण्यात पालिकेच्या माणसाकडून टेमेफॉससारखं अळ्यांचं औषध टाकून घ्या. आणि टाकीचं झाकण घट्ट असलं तरी ओव्हरफ्लोचा पाइप उघडा असतो, तिकडे कोणी बघतच नाही, त्याला नायलॉनची जाळी बांधा. रबर बँडने नको, आमचा एका उन्हाळ्यात तुटला आणि जाळी शेजारच्यांच्या बाल्कनीत सापडली, तारेने बांधा.