जेड सडलं ते पाण्याने, ऊन कमी पडलं म्हणून नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये जेड, एचेवेरिया आणि स्नेक प्लांट ही कुंडीतली झाडं आणली, दर रविवारी न चुकता फुलपात्रभर पाणी घातलं, तरी जुलैत जेडची पानं टपाटप गळाली आणि बुंधा मऊ पडला. ऊन कमी पडलं का, असं तुम्ही विचारताय. ऊन थोडं कमी असेलही, पण झाड सडलं ते त्या रविवारच्या पाण्याने.

जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, एचेवेरिया मेक्सिकोकडची. पाणी पानात साठवून ठेवायचं आणि जपून वापरायचं हा त्यांचा स्वभाव. बाकीची झाडं दिवसा पानाची छिद्रं उघडतात, ही रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर अन्न करायचं. आपल्याकडची पानफुटी याच कुळातली. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात असताना तिचं पान चाखून पाहिलं, तर सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागलं. १८१५ साली ते छापूनही आलं. (तुम्ही चाखू नका, पानफुटी विषारी असते.) आणि स्नेक प्लांट रात्रभर ऑक्सिजन देतं म्हणून विकतात, त्यावर जाऊ नका. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो.

आता आपलं कोल्हापूर. जुलै-ऑगस्टच्या झडीत दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती कशी वाळणार? त्यात पंचगंगेकाठची काळी माती असेल तर विचारूच नका, ती पाणी सोडतच नाही. माझी पहिल्याच पावसाळ्यात सात एचेवेरिया गेली. नर्सरीतून आली तशीच, निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवली होती. वरून कोरडं दिसायचं, मुळाशी चिखल. फार वाईट वाटलं होतं, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

तेव्हापासून मी दोन वाट्या विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक वाटी भरड वाळू आणि एक वाटी लाल माती घेते. विटेची पूड मात्र चाळून टाकायचीच, नाहीतर तीच खाली बसून भोक बुजवते. कुंडी मातीची, कुंभार गल्लीत मिळते तशी साधी, रंग न दिलेली. खाली बशी ठेवू नका.

पाणी कधी घालायचं हे कुंडी उचलून ठरवा. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला कळू द्या, नंतर हलकी लागली की पुन्हा घाला. जेडचं खालचं पान चिमटीत धरा. सुरकुतलेलं, लवचिक असेल तर तहान आहे. पिवळट, काचेसारखं आरपार दिसत असेल तर पाणी जास्त झालंय. माझ्याकडे उन्हाळ्यात आठवड्याने लागतं, पावसाळ्यात कधी कधी महिनाभर काहीच नाही. एचेवेरियाच्या पानांच्या गुच्छात मधोमध पाणी साचू देऊ नका.

जागेचं म्हणाल तर जेड आणि एचेवेरिया पूर्वेच्या खिडकीत ठेवा. उन्हाशिवाय एचेवेरिया मान लांब करत वर जाते. आतल्या खोलीत स्नेक प्लांट, झीझी प्लांट किंवा हॉवर्थिया. घरात मांजर-कुत्रं असेल तर जेड त्यांच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा. शेर किंवा थोर आणायचा मोह झालाच, तर त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

तुमचं जेड अजून वाचेल. वरची टणक फांदी धारदार ब्लेडने कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, पूर्ण स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. मग पाच-सहा दिवस सावलीत तशीच पडू द्या. कापलेली जागा वाळून खपली धरली की वरच्या मिश्रणात खोचा आणि आठवडाभर पाणी घालू नका. कापलेल्या जागेचा फोटो इथे टाका, पुढचं लगेच सांगते.