वाचकांचे प्रश्न : काकांचं जिन अन् दारूची जिन

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंगणघाट तालुक्यातली, दहावीत आहे. इंग्रजीच्या निबंधात लिहिलं की माझे काका जिनमध्ये कामाला आहेत, तर अख्खा वर्ग हसला, म्हणे जिन म्हणजे दारू. आमचे आबाजी तर कापसाच्या कारखान्याला जिनच म्हणतात. मग आमचा शब्द चुकीचा आहे का?

उत्तर : अजिबात नाही बेटा. आबाजींचा शब्द शंभर टक्के खरा आहे अन् दारूवाल्या जिनपेक्षा चार-पाचशे वर्षं जुना आहे.

लॅटिनमध्ये इन्जेनियम म्हणजे उपजत हुशारी, त्याचं फ्रेंचमध्ये एंजिन झालं अन् मग डोकं लढवून केलेली कोणतीही युक्ती, सापळा, यंत्र, सगळ्यालाच लोक तेच म्हणायला लागले, इंग्रजांनी तर पहिलं अक्षरच गिळलं, जसं आपण स्टेशनचं टेशन करतो तसं, अन् उरलं जिन. म्हणजे रेल्वेचं इंजिन, इंजिनिअर अन् तुझ्या काकांचं जिन हे एकाच घरचे. अमेरिकेत एली व्हिटनीनं 1794 मध्ये पेटंट घेतलं ते कॉटन जिनचंच, त्यात दातेरी यंत्र रुई अशा बारीक फटीतून ओढायचं की सरकी अलीकडेच अडकायची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चामड्याचे दोन रूळ असतात, ते धागा ओढून नेतात, पात्याशी सरकी अडते अन् टपटप खाली पडते. काका घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवया बघ, बारीक पांढरी रुई चिकटलेली असेल. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच.

दारूची जिन वेगळी. तिचं नाव ज्युनिपर नावाच्या झाडाच्या फळावरून आलं, डच लोक येनेव्हर म्हणायचे, इंग्रजांनी त्याचं जिनिव्हा केलं अन् मग तेही कापून जिन. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराचा काही संबंध नाही.

आता कापसाच्याच घरात अजून दोन जीन आहेत, मला तर ही गोष्ट फारच आवडते. जीन पँटचा जीन इटलीतल्या जेनोआ शहरावरून आला, तिथलं जाडं सुती कापड प्रसिद्ध होतं. अन् 2002 पासून आपल्या शेतात बीटी बियाणं आलं, त्यात जिवाणूचा जो जीन, म्हणजे जनुक, टाकलेला असतो त्याचं नाव ग्रीक शब्दावरून, डेन्मार्कच्या योहानसेन या शास्त्रज्ञानं 1909 मध्ये चालू केलेलं. हा जीन अन् कारखान्याचं जिन लांबचे नातेवाईक बरं का, दोघांच्या मुळाशी जन्माला येणं हाच अर्थ आहे, अन् आपला जन्म शब्दसुद्धा त्याच मुळातला.

तर निबंधातलं वाक्य खोडू नको. जिनच्या आधी फक्त कॉटन लिही, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच कळेल, अन् सरांनी विचारलं तर हे सगळं सांग.